हातासाठी ठेवलेला अर्धा इंच

बारा इंच म्हणजे बारा इंच, यात मत मांडण्यासारखं काही नसतं, अशी माझी आयुष्यभराची समजूत. चौतीस वर्षं मी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू हातात घ्यायची, मापाला लावायची आणि बसत नसेल तर लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवायची, हे माझं काम. या कामानं माणूस काही लोकप्रिय होत नाही. निरोपसमारंभात एका फिटरनं भाषण ठोकलं, की साहेबांच्या घरी पोळ्यासुद्धा व्हर्नियर लावून मोजत असतील. सगळे पोट धरून हसले. मी हसलो नाही, कारण एकदा मी खरंच मोजली होती.

आम्ही मूळचे पुण्याकडचे. तीन वर्षांसाठी म्हणून बदलीवर चेन्नईला आलो आणि इथलेच झालो. बायको इथल्या शाळेत गणित शिकवायची. मुलगी इथंच वाढली. तिचं तमिळ फर्डं, इंग्रजी त्याहून फर्डं, मराठी आईशी बोलण्यापुरतं. आता ती सिरुसेरीला नोकरी करते आणि तिकडेच घर घेऊन राहते.

बायको निवृत्त झाल्यावर तिनं शाळेत नेसायच्या सुती साड्या एका मोठ्या पिशवीत भरल्या, कुणाला तरी देऊन टाकायला. रविवारी मुलगी आली होती. तिनं पिशवी उपसली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. "आई, ही नको देऊ. ही तू माझ्या नववीच्या पेरेंट्स मीटिंगला नेसली होतीस, मला ओरडली होतीस. आणि ही परीक्षेच्या ड्यूटीची." असं करत करत तिनं अर्ध्या साड्या बाहेर काढल्या आणि म्हणाली, "याची मला गोधडी करून दे. तुझ्या हातची हं. बाहेरून शिवून नको."

बायकोनं होकार भरला. त्यानंतर दोन महिन्यांनी डॉक्टरांनी कंपवात सांगितला.

उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवला, की अंगठा आणि त्याशेजारचं बोट चिमटीतली विभूती चोळल्यासारखी हलायची. आधी आम्हाला वाटलं, खडू धरून धरून लागलेली सवय असेल. ती सवय नव्हती. डॉक्टर भले होते, त्यांनी सगळं नीट समजावलं. गोळ्या आहेत, व्यायाम आहे, हळूहळू वाढतं, घाबरायचं नाही. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "गोधडी आधी उरकायला हवी."

मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस फार मदत करतो. मी तिचा चहा गाळायला लागलो. तिच्या ब्लाउजची हुकं लावायला लागलो. ती भाजी चिरायला बसली की विळी काढून घ्यायला लागलो. आणि ती जे काही करील त्याला "छान, छान" म्हणायला लागलो. एकदा तिची पोळी चांगलीच करपली होती, तिलाही मी छान म्हटलं. तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला खोटं सांगू नका. पेपर तपासण्यात जन्म गेलाय माझा. उगाच दिलेले मार्क मला लगेच ओळखू येतात."

गोधडीला मात्र तिनं मला हात लावू दिला नाही. ही आपल्याकडची साधी थर घालून धावदोरा मारायची गोधडी नव्हती. फोनवर बघून तिनं एक नमुना निवडला होता. वीस चौकोन, प्रत्येक चौकोनात एक आठ टोकांची चांदणी, चांदणीची टोकं एका साडीची तर मागची जमीन दुसऱ्या साडीची. मशीनवर दोन्ही तळवे कापडावर दाबलेले असले की तिचा हात बरा राहायचा, त्यामुळे शिवण सावकाश का होईना, चाललं होतं. चार महिन्यांत वीसही चौकोन झाले.

पुढची पायरी होती सगळे चौकोन एका मापात कातरण्याची. शिवलेला चौकोन कधी नेमका चौकोन नसतो. कुठं कड बाहेर पळालेली असते, कुठं कोपरा बसलेला असतो. तो हिरव्या चटईवर पसरायचा, वर रेघा आखलेली जाड पारदर्शक पट्टी दाबून धरायची आणि गोल पात्याच्या कटरनं कडेचं जास्तीचं कापून टाकायचं. हे नीट झालं नाही तर वीस चौकोन एकमेकांना जोडताना कुठं चुणी पडते, कुठं कापड कमी पडतं. तिनं पहिला चौकोन घेतला, पट्टी सरकली आणि पातं डाव्या हाताच्या बोटाला लागलं. जखम खोल नव्हती. मी मलमपट्टी केली आणि तो कटर कपाटावर, तिचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवून दिला. तिला विचारलं नाही.

तिनंही काही विचारलं नाही. चौकोनांची चळत मशीनशेजारी तशीच पडून राहिली. मी विषय काढला की म्हणायची, "उद्या बघू." असे उद्या करता करता महिना झाला.

आमच्या शेजारी एक बाई राहतात, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो, त्या मला अण्णा म्हणतात. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेल काढून बोललेलं. आम्ही इथं नवे असताना त्यांचं बोलणं ऐकून मला हसू यायचं आणि आमचं ऐकून त्यांना. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अक्का बायकोला व्यायामाच्या वर्गाला घेऊन जायच्या. अशाच एका मंगळवारी दोघी निघाल्या आणि माझ्या डोक्यात आलं, की हे तर आपलंच काम! कोन आणि माप, दुसरं आहे काय त्यात? ती येईपर्यंत सगळे करून ठेवू, खूश होईल.

मी कटर खाली काढला. नमुन्याचा कागद मशीनच्या खणात होता. त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं : चौकोन बारा इंच. माझा जुना पोलादी गुण्या घेतला. गिंडीच्या एका लेथवाल्याकडून खास घासून आणलेला तो गुण्या, काटकोनात केसाचाही फरक नाही. आणि मग जसं कारखान्यात शिकलो होतो तसंच सुरू केलं. लोखंडाचा तुकडा मोजताना आधी एक कड आणि एक कोपरा पक्का धरायचा आणि बाकी सगळी मापं तिथूनच घ्यायची. मी प्रत्येक चौकोनाचा खालचा डावा कोपरा पक्का धरला, तिथून उजवीकडे बारा, वर बारा, आणि दोन बाजूंनी जास्तीचं कापून टाकलं. चांगली इंचभर रुंद पट्टी निघत होती. मनात म्हटलं, किती ढिलं माप ठेवलंय हिनं, हात हलतो ना बिचारीचा.

बारा चौकोन झाले तेव्हा मी कर्ण मोजून पाहिले. दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे. मला इतका आनंद झाला की मी एकट्यानंच "वा" म्हटलं.

तेवढ्यात दोघी आल्या. बायको पायरीवर चपला काढत होती, अक्का आधी आत आल्या. त्यांनी वरचा चौकोन उचलला, उजेडाकडे धरला. "अण्णा, कड एकदम सरळ केलांत हो!" मग चौकोन फिरवला. "पण हीं टोकं कुठें गेलीं?"

मी पाहिलं. खरं सांगतो, तोपर्यंत मी चांदणी पाहिलीच नव्हती. मी कडा पाहत होतो. डावीकडची आणि खालची टोकं शाबूत होती, उजवीकडची आणि वरची चारही टोकं भुंडी झालेली. बाराही चौकोनांत तेच. चुकीतसुद्धा मी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडे तिकडे होऊ दिलं नव्हतं.

बायको आली. तिनं चौकोन घेतला, आपली पट्टी त्यावर ठेवली.

"बारा?" ती म्हणाली.

"बरोबर बारा. कागदावर बाराच आहे."

"ते शिवून झाल्यावरचं. जोडताना प्रत्येक कडेचे दोन सूत शिवणीत जातात. साडेबारा कापायचे होते."

"मग तू तेरा का केलेस?"

तिनं पट्टी खाली ठेवली. अक्का हळूच "मी येतें" म्हणून निघून गेल्या.

"कारण माझा हात हलतो," बायको म्हणाली. "कापताना इकडे तिकडे जाईल हे मला माहीत होतं. म्हणून प्रत्येकाला अर्धा इंच जास्त ठेवला. हातासाठी."

ती रागावली असती तर मी भांडलो असतो. भांडणात मी बरा आहे. ती रागावली नाही. तिनं बाराही चौकोन एकावर एक रचले, उरलेल्या आठांबरोबर डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि उजवा हात पदराखाली घेऊन खिडकीशी जाऊन बसली. "कापड संपलंय," ती म्हणाली. "असतं तरी पुन्हा बारा करायला माझ्या हातात तेवढे दिवस आहेत का, कुणास ठाऊक. तिला सांगू, नाही जमलं."

मला लाज वाटली. कारखान्यात मी कितीदा पोरांना झापलं होतं, की आधी नकाशा पुरता वाच, ही वस्तू कशात बसणार आहे ते समजून घे आणि मग हत्यार उचल. आणि इथं माझ्याच घरात, माझ्याच बायकोचं काम, तिला न विचारता.

दोन दिवस घरात बोलणं फक्त जेवणापुरतं होतं. तिसऱ्या दिवशी ती अक्कांबरोबर वर्गाला गेलेली असताना मी माझी एक जुनी लुंगी फाडली आणि मशीनवर बसलो. म्हटलं, निदान एक चांदणी स्वतः शिवून बघावी. दीड तास लागला. त्रिकोणाची तिरपी कड हातात धरली की ताणली जायची, सोडली की आखडायची, आणि जे निघालं त्याला चांदणी म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. माझा हात हलत नाही. तरी ही गत. मी डबा उघडून तिच्या चौकोनाची एक शिवण निरखून पाहिली, भिंगाखाली धरून. टाके सरळ होते. कुठंकुठं शिवण उसवून पुन्हा घातल्याच्या खुणा होत्या, एकेका जागी तीन तीनदा.

ती मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही.

"लुंगी होती ना ती?" तिनं विचारलं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. चौतीस वर्षं दुसऱ्यांकडून ऐकलेलं वाक्य, म्हणायला एवढं जड असेल असं वाटलं नव्हतं. "कापलं ते चुकलंच. पण कटर उचलून वर ठेवला तेव्हाच चुकायला लागलो होतो."

लुंगीची चांदणी उचलून तिनं उलटसुलट केली. मग म्हणाली, "कातरण फेकलंत ना?"

"फेकीन कसं?"

मी माझं कपाट उघडलं. कारखान्यात नापास मालाचा कपटासुद्धा फेकायचा नसतो, लॉटचा निकाल लागेपर्यंत नंबर घालून जपायचा असतो. ती सवय अंगात मुरलेली. त्या मंगळवारी मी प्रत्येक चौकोनाच्या मागं खडूनं नंबर घातला होता आणि त्याच्या दोन्ही पट्ट्या त्याच नंबराच्या पाकिटात घातल्या होत्या. बारा पाकिटं, ओळीनं. वर लाल शाईत 'शिल्लक'.

बायको पाकिटांकडे पाहत राहिली आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे गदगदा हलेपर्यंत हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिला तशी हसताना पाहत होतो. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

मग तिनं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर गणित मांडलं. तिचं अक्षर आता बारीक झालंय, ओळीच्या शेवटी तर फारच बारीक, पण आकडे स्वच्छ. "चौकोन बाराचा. पट्टी एक इंचाची. परत जोडली तर तेरा. मधली शिवण दोन्ही बाजूंचे दोन-दोन सूत खाणार, म्हणजे अर्धा इंच गेला. उरले किती?"

"साडेबारा," मी वर्गातल्या मुलासारखं उत्तर दिलं.

"साडेबारा." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "टोकाला जरा खांदा पडेल, रेघ किंचित मोडेल, पण टोक परत येईल. आणि माप हवं तेच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अर्धा इंच मी माझ्या हातासाठी ठेवला होता. लागला तुमच्या हाताला."

पट्ट्या जोडायला तिला तीन आठवडे लागले. मी पाकिटातून पट्टी काढून द्यायचो, इस्त्री करायचो. इस्त्रीवरूनही बोलणी खाल्ली. "फिरवू नका, कापड ताणतं. ठेवा आणि उचला." चहा मात्र तिचा ती गाळायला लागली. थोडा बशीत सांडायचा. मी फडकं जवळ ठेवायचो आणि गप्प बसायचो, जे मला गाळण्यापेक्षा अवघड जात होतं.

उरलेले आठ चौकोन आम्ही मिळून कापले. तिनं मला कडेला हातच लावू दिला नाही. "कड सोडा. कडा माझ्या हातानं हललेल्या आहेत, त्यांच्यावर कसला भरवसा ठेवता? मध्य शोधा." चांदणीच्या मध्यावर पट्टीची सव्वासहाची खूण ठेवायची, तिरपी रेघ कोपऱ्याच्या शिवणीवर येते का बघायचं, टोकाबाहेर दोन सूत जागा सुटली का बघायचं, आणि मगच कापायचं. मग चौकोन फिरवून तसंच पुन्हा. ती पट्टीवर दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार टाकायची आणि मी कटर चालवायचो. पहिल्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की भार टाकला की तिचा हात थांबतो. अगदी थांबतो. मी मुद्दाम सावकाश कापायचो. तिनं ते ओळखलं असणार.

असे सात झाले. आठवा चौकोन चटईवर ठेवला तेव्हा ती म्हणाली, "हा मी कापते. तुम्ही पट्टी धरा."

माझ्या तोंडावर 'नाही' आलं होतं. ते गिळलं. मी पट्टीवर दोन्ही हात दाबले, बोटं कडेपासून आत घेतली. तिनं कटर हातात घेतला. पातं कापडाला टेकेपर्यंत हात हलत होता, मला पट्टीतून कळत होतं. मग तिनं दाब दिला आणि पातं पुढं निघालं, सरळ, अर्ध्याच्या पुढं, जवळजवळ शेवटपर्यंत. शेवटच्या दोन बोटांत ते जरा बाहेर गेलं. तिनं कटर उचलला, पातं बंद केलं, चौकोन फिरवला आणि उरलेल्या तिन्ही बाजू कापल्या. त्या तिन्ही बऱ्या आल्या. घामानं तिचं कपाळ ओलं झालं होतं.

"मोजा," ती म्हणाली.

मी गुण्या लावला. पट्टी लावली. दोनदा मोजलं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, निकालाच्या दिवशी तिच्यापुढं पालक उभे राहायचे तशी.

"पहिली कड शेवटाला एक सूत बाहेर आहे," मी म्हणालो.

"मग?"

"शिवणीत जाईल."

तिनं मान हलवली, माझ्या हातातून चौकोन घेतला आणि मशीनवर जाऊन बसली.